सूतपुत्राचा सूर्य : ‘मृत्युंजय’ आणि त्याचा वाचक

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या अर्धशतकाहून अधिक काळात तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या, भाषांतरे होत राहिली आणि मराठी वाचकांच्या किमान तीन पिढ्यांनी ती वाचली. मराठी समीक्षेने मात्र या कादंबरीशी दोनच प्रकारचे व्यवहार केले असे दिसते. एक गौरवाचा आणि दुसरा दुर्लक्षाचा. गौरवपर लेखनात स्तुती बहुधा कर्णाची होते, कादंबरीची नव्हे. जणू कर्णाचे दातृत्व हा सावंतांच्या निवेदनतंत्राचाच गुण असावा. दुर्लक्ष करणाऱ्यांनी ‘लोकप्रिय’ हे एक विशेषण वापरून विषय मिटवला. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. शालान्त परीक्षेपर्यंत पोचलेली घरातील पहिलीच व्यक्ती जेव्हा तालुक्याच्या ग्रंथालयातून हा जाडजूड ग्रंथ घरी नेते, तेव्हा तिला त्यातून नेमके काय मिळते? आणि जे मिळते ते कादंबरीने दिलेले असते, की वाचकाने कादंबरीकडून हिसकावून घेतलेले?

सावंतांचे चरित्र या प्रश्नाच्या बाहेरचे नाही. ३१ ऑगस्ट १९४० रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात त्यांनी शिक्षक म्हणून काम केले, पुढे पुण्यात शासनाच्या शिक्षण खात्याच्या ‘लोकशिक्षण’ या मासिकाचे संपादन केले. ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. विद्यापीठीय वर्तुळ, मुंबई-पुण्यातील नियतकालिकांचे गट, नवकथेच्या आणि नवकादंबरीच्या चर्चा या सर्वांपासून दूर असलेल्या एका शाळाशिक्षकाने महाभारताएवढ्या विषयाला हात घातला, आणि पहिल्याच कादंबरीने त्याला असे नाव मिळवून दिले की पुढचे सगळे लेखन त्या नावाच्या छायेत झाले. संभाजीराजांवरील ‘छावा’ (१९७९), सहकारमहर्षी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जीवनावरील ‘लढत’, श्रीकृष्णावरील ‘युगंधर’ (२०००) ही नावे पाहिली तरी एक आशयसूत्र लक्षात येते. ज्याची योग्यता लोकांनी ओळखली नाही, किंवा ओळखूनही नाकारली, अशा पुरुषाची बाजू मांडणे हे सावंतांचे आयुष्यभराचे काम होते. १९९४ साली भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार ‘मृत्युंजय’ला मिळाला, हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले मराठी लेखक. १८ सप्टेंबर २००२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले. २०२५ साली ‘छावा’वर आधारित हिंदी चित्रपट आला आणि त्यांचे नाव पुन्हा मराठीबाहेर पोचले, परंतु त्या यशाची मीमांसा हा वेगळा विषय आहे.

‘मृत्युंजय’चे प्रकाशनवर्ष नीट पाहिले पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ सालचे; त्याला पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ त्याआधी, १९६२ साली आले होते. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची. म्हणजे ज्या दशकात महाभारताकडे चिकित्सक, मानवशास्त्रीय आणि सौंदर्यवादी अशा तीन दृष्टींनी मराठीत एकाच वेळी पाहिले जात होते, त्याच दशकात ‘मृत्युंजय’ आली. कर्वे यांनी कर्णाकडे पाहताना सहानुभूती आवरून धरली. आपण कोण, या प्रश्नाने पछाडलेला आणि त्या कडवटपणापायी अनेकदा घसरलेला माणूस त्यांना त्याच्यात दिसला. सावंतांनी त्याच प्रश्नाला ऊब दिली. एकाच वर्षाची ही दोन पुस्तके आजही एकमेकांशेजारी ठेवून फारशी वाचली जात नाहीत, याचे आश्चर्य वाटते; अभ्यासक्रमांनी त्यांना ‘वैचारिक गद्य’ आणि ‘पौराणिक कादंबरी’ अशा दोन कप्प्यांत घालून ठेवल्याचा तो परिणाम असावा.

१९६७ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम याच वर्षीचा. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, माध्यमिक शाळा गावोगाव पोचू लागल्या, आणि अनुदानित ग्रंथालयांची साखळी त्यापाठोपाठ आली. मोठ्या कादंबरीला लागणारा वाचक आणि ते पुस्तक विकत न घेताही त्याच्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा, ही दोन्ही एकाच काळात घडत होती. कोणत्याही लोकप्रिय कादंबरीच्या यशाची मीमांसा करताना तिच्या आशयाइतकेच या भौतिक आधाराकडेही पाहावे लागते. ‘मृत्युंजय’च्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण तिचा विषयच शिक्षणाचा अधिकार आणि जन्म यांच्या संघर्षाचा आहे.

आता संहितेकडे वळता येईल. कादंबरीचे नऊ भाग आहेत आणि सहा निवेदक : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. कर्णाचे निवेदन पुन्हा पुन्हा येते. शेवटचा भाग श्रीकृष्णाचा आहे. मराठी पौराणिक कादंबरीत सर्वज्ञ निवेदकाची जागा अशा अनेक आत्मनिवेदनांना देणे हे त्या वेळी धाडसाचे होते. ‘ययाति’त खांडेकरांनी तीन निवेदक वापरले होते, सावंतांनी तो प्रयोग विस्तारला आणि मृत कर्णाला बोलते करून त्याला एक नाट्यमय अधिष्ठान दिले. हयातीत ज्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही तो मरणानंतर आपली बाजू मांडतो, या कल्पनेतच कादंबरीची निम्मी ताकद आहे. अर्धवट ऐकल्या गेलेल्या माणसाला पूर्ण ऐकले जाण्याची भूक असते. ती भूक हे निवेदनतंत्र भागवते.

परंतु या सहा आवाजांची परीक्षा केली तर ते सहा राहत नाहीत. कुंतीची वेदना, दुर्योधनाचा अहंकार, वृषालीची भक्ती आणि शोणाचे बंधुप्रेम हे विषय भिन्न आहेत. भाषा मात्र एकच. तीच उपमांची रांग, तीच तेजाची आणि अंधाराची प्रतिमासृष्टी, वाक्याच्या शेवटी येणारा तोच उद्गार. राजवाड्यात वाढलेला दुर्योधन आणि सारथ्याच्या घरात वाढलेला शोण यांच्या बोलण्याच्या घडणीत फरक करावा असे लेखकाला वाटलेले नाही. त्यामुळे बहुस्वरता ही रचनेच्या पातळीवरच राहते, अनुभवविश्वाच्या पातळीवर उतरत नाही. सगळे निवेदक एकाच व्यक्तीच्या खटल्यातील साक्षीदार आहेत, आणि साक्षही एकाच बाजूची आहे. दुर्योधनाच्या निवेदनात क्षणभर वेगळा सूर लागण्याची शक्यता निर्माण होते. कर्णाचा उपयोग करून घेणारा मित्र हा भाग कादंबरीला खरोखर खोलात नेऊ शकला असता. तो सूर टिकत नाही.

साक्षीदारांच्या या यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही हे अधिक बोलके आहे. द्रौपदी नाही. सभापर्वात कर्णाने तिच्याविषयी काढलेले शब्द आणि तिला विवस्त्र करण्याची त्याची आज्ञा हा कर्णकथेतील सर्वांत अवघड भाग. कादंबरीत तो येतो तो कर्णाच्या बाजूने, अपमानाच्या जखमेची पार्श्वभूमी घेऊन. ज्या स्त्रीवर तो आघात झाला तिला स्वतःचे पुस्तक मिळत नाही. प्रतिभा राय यांनी ओडिआत ‘याज्ञसेनी’ (१९८४) लिहून द्रौपदीला बोलते केले आणि १९९१ साली त्या कादंबरीलाही मूर्तिदेवी पुरस्कार लाभला, हा योगायोग असला तरी दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्यावर ‘मृत्युंजय’मधली ही रिकामी जागा ठळक दिसते.

द्रौपदीच्या अनुपस्थितीपेक्षाही राधेची अनुपस्थिती गंभीर आहे. कर्ण ‘राधेय’ आहे. ज्या नावाने तो जगला ते नाव त्या स्त्रीचे. कादंबरीत ती वावरते, माया करते, डोळे पुसते. पण निवेदनाचा अधिकार तिला नाही. तो कुंतीला आहे. ज्या आईने मूल पाण्यात सोडले ती आपली कथा सांगते आणि जिने ते पाण्यातून आलेले मूल वाढवले ती इतरांच्या कथेत पात्र म्हणून राहते. सावंतांनी हे जाणीवपूर्वक केले असेल असे मानण्याचे कारण नाही. रचनेच्या अशा निवडीत लेखकाच्या विधानांपेक्षा खोलवरचे काही उघडे पडते. जन्मरहस्य ही या कादंबरीची मुख्य ऊर्जा आहे, आणि ते रहस्य कुंतीजवळ आहे. राधेजवळ रहस्य नाही. तिच्याजवळ फक्त वाढवण्याचे काम आहे.

येथे व्यासांच्या संहितेकडे जाणे अपरिहार्य होते. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्णाचे उत्तर महाभारतातील अत्यंत साध्या आणि अत्यंत ठाम उत्तरांपैकी एक आहे. अधिरथाने आपल्याला घरी नेले, राधेला त्या क्षणी मायेने पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले. तिचा पिंड आपल्यासारख्याने कसा बुडवावा, असे तो विचारतो. अधिरथाने जातकर्म केले, नाव ठेवले, सूतांच्या घरच्या मुली सून करून आणल्या, त्यांच्यापासून मुले-नातवंडे झाली. ही नाती साऱ्या पृथ्वीच्या मोबदल्यातही सोडता येणार नाहीत. दुर्योधनाचे उपकार हा त्याच्या उत्तरातील पुढचा मुद्दा आहे, पहिला नव्हे. आणि त्याच संवादात दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना बोललेल्या कडू शब्दांचा पश्चात्तापही तो व्यक्त करतो. व्यासांचा कर्ण सूत असणे हे दुर्दैव म्हणून भोगत नाही. सत्य कळल्यानंतर तो ते निवडतो. त्याच्या निवडीचा आधार रक्त नाही. एका बाईने केलेली शुश्रूषा आहे.

‘मृत्युंजय’मध्येही हा प्रसंग आहे आणि सावंतांनी तो भावोत्कटतेने रंगवला आहे. प्रश्न प्रसंगाचा नसून त्याच्या आधी काय घडलेले आहे याचा आहे. चंपानगरीतील बालपणापासूनच हा कर्ण इतरांहून निराळा आहे. त्याची कांती, त्याची कुंडले, सूर्यबिंबाकडे लागणारी त्याची ओढ यांतून त्याचे कुळ पानोपानी पाझरत राहते. वाचकाला रहस्य माहीत आहे. लेखकाला माहीत आहे. आणि कर्णालाही न कळत माहीत आहे असे निवेदनाची भाषा सतत सुचवते. परिणामी सूतपुत्र म्हणून झालेली प्रत्येक अवहेलना ही ‘सूताची’ अवहेलना राहत नाही, तर सूताच्या वेषातील सूर्यपुत्राची होते. वाचकाचा संताप असा होतो : ‘यांना कळत नाही हा कोण आहे!’ ‘सूताला असे का वागवावे?’ हा दुसरा संताप मनात येण्यापूर्वीच पहिल्याने जागा व्यापलेली असते. कादंबरी जातीच्या अपमानाचे चित्र अत्यंत प्रभावीपणे काढते आणि त्याच वेळी तो अपमान चुकीच्या पत्त्यावर गेला होता असे सांगून त्याची धार काढून घेते. म्हणूनच उद्योगपर्वातील नकार येथे राज्यत्यागाच्या थाटात येतो. राधेच्या हक्काची मान्यता म्हणून तो उभा राहत नाही. शेवटच्या भागात श्रीकृष्णाच्या मुखातून कर्णाला थोरवी मिळते. समाजाने नाकारलेले प्रमाणपत्र देव देतो. वाचक सुखावतो, पण सूत जिथे होता तिथेच राहतो.

स्वयंवराच्या प्रसंगाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. कर्णाने धनुष्य पेलले आणि द्रौपदीने सूताला वरणार नाही असे म्हणून त्याला थांबवले, हा प्रसंग आधुनिक कर्णकथेचा कणा आहे. ‘मृत्युंजय’मध्येही तो निर्णायक ठरतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मात्र तो प्रक्षिप्त ठरवून मूळ संहितेबाहेर ठेवला. यावरून सावंतांना दोष देण्याचे कारण नाही. कादंबरीकाराने परंपरेतील कोणती कर्णकथा घ्यावी हे भांडारकर संस्थेने ठरवायचे नसते, आणि प्रक्षेपालाही स्वतःचा इतिहास असतो. नंतरच्या शतकांतील कोणा कथेकऱ्यांना ही ओळ घालावीशी वाटली यातच समाजाची एक कबुली आहे. मुद्दा असा की जखम परंपरेने वाढवत नेली, आणि जखमेबरोबरच तिच्यावरचा सोनेरी मुलामाही. सावंत या वाढत्या परंपरेचे वारस आहेत. रामधारीसिंह दिनकर यांची ‘रश्मिरथी’ (१९५२) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) हीही त्याच वाटेवरची. कोवाडचे देसाई आणि आजऱ्याचे सावंत एकाच कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि दोघांनाही काही वर्षांच्या अंतराने कर्णच सापडावा, यात त्या भूभागातील सामाजिक मंथनाचा काही वाटा असेल काय, हे पाहण्यासारखे आहे.

आता वाचकाकडे. कोल्हापूरचा वाचक आणि खानदेशातला वाचक एक नव्हेत, आणि ‘मराठी वाचक’ असा एकच माणूस कल्पून केलेली लोकप्रियतेची चर्चा नेहमी फसते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा हे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. तापीकाठचा हा प्रदेश. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे ठिकाण. कापसाची आणि अवर्षणाची दोन्हींची सवय असलेला तालुका. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी. याच तालुक्यात मुडावद येथे तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराचे मंदिर आहे. पलीकडे जळगाव जिल्ह्यात एरंडोलला लोक एकचक्रानगरी मानतात, तेथे पांडववाडा दाखवतात, आणि जवळच्या पद्मालयाच्या परिसरात भीमाने बकासुराला मारले असे सांगतात. म्हणजे या वाचकाला महाभारत पुस्तकातून प्रथम भेटत नाही. ते त्याच्या रस्त्यावर, यात्रेत, नात्यागोत्याच्या गावात आधीच असते. हे महाभारत स्थळांचे आहे. त्यात भीम जेवतो, गाडाभर अन्न लागते, राक्षस मारला जातो. त्यात आत्मचिंतन नाही.

अशा वाचकाला ‘मृत्युंजय’ने आत्मचिंतन करणारे महाभारत दिले. आणि तेही अशा भाषेत, जी त्याच्या घरात कोणी बोलत नव्हते. सावंतांच्या अलंकृत, संस्कृतप्रचुर शैलीवर नागर समीक्षकाने नाक मुरडले तर ते समजण्यासारखे आहे. निबंधाच्या वहीतून आणि वक्तृत्वस्पर्धेच्या व्यासपीठावरून आलेली ही भाषा आहे हेही खरे. पण ज्याची बोली वर्गात चूक म्हणून खोडली जात होती, त्या मुलाला हीच भाषा मिळवायची होती. तिच्यात एका सारथ्याचा मुलगा शेकडो पाने न अडखळता बोलतो, दरबारात, गुरुकुलात, रणांगणावर बोलतो, आणि त्याला कोणी थांबवू शकत नाही. शैलीचा जो दोष बहुस्वरतेच्या निकषावर उघड होतो, तोच या वाचकाच्या हातात सामर्थ्य ठरतो. समीक्षेला हे दोन्ही एकाच वेळी म्हणता आले पाहिजे. एक म्हणण्यासाठी दुसरे लपवावे लागत असेल तर ती समीक्षा अर्धी.

याच तालुक्यात भिल्ल वस्तीही आहे, आणि खानदेशातील भिल्ल समाजात एकलव्याला पूर्वजाचा मान आहे. एकलव्याची कथा आदिपर्वात थोडक्यात येते. निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा. द्रोणाने त्याला शिष्य म्हणून नाकारले, त्याने मातीचा द्रोण करून विद्या मिळवली, आणि गुरुदक्षिणा म्हणून अंगठा दिला. त्याला जन्मरहस्य नाही. त्याच्या अंगावर कवचकुंडले नाहीत. तो जो दिसतो तोच आहे, निषादाचा मुलगा. त्याच्या अपमानाची भरपाई करण्यासाठी कोणताही सूर्य वाट पाहत नाही. दलित साहित्याच्या चळवळीने कर्णापेक्षा एकलव्य आणि शंबूक यांना जवळ केले ते उगाच नव्हे. शशिकांत हिंगोणेकर यांच्या कवितेत एकलव्याच्या अंगठ्याचा प्रश्न इतिहासाचाच प्रश्न होऊन समोर येतो. कर्ण मध्यम जातींतील शिकू पाहणाऱ्या वाचकाचा नायक झाला आणि एकलव्य त्याच्याही खालच्या पायरीवर उभ्या केलेल्यांचा, असे विभाजन ढोबळ आहे. परंतु ते पूर्ण चुकीचेही नाही. ‘मृत्युंजय’ची लोकप्रियता कुठवर जाते आणि कुठे थांबते याचा नकाशा काढायचा झाला तर ही सीमारेषा तपासावी लागेल.

खानदेशाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. अशा कादंबरीच्या विरोधातील सर्वांत समर्थ समीक्षादृष्टीही याच मातीतून आली. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांचा विचार करताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन आरंभीच्या कादंबऱ्यांवरून तीन प्रवृत्ती सांगितल्या, आणि सामाजिक वास्तवाला भिडणाऱ्या पहिल्या प्रवृत्तीच्या पारड्यात आपले वजन टाकले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीकास्वयंवर’ने ही भूमिका विद्यापीठांतून पोचवली, त्याच वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. अद्भुत आणि ऐतिहासिक रंजनात रमणाऱ्या कादंबरीविषयी नेमाड्यांचा संशय मूलतः योग्य आहे. ‘मृत्युंजय’ वास्तवाला बगल देते हे वरील विवेचनातूनही दिसते. परंतु ती वास्तवाला बगल देते म्हणजे वास्तवाशी तिचा संबंध नाही असे होत नाही. बगल देण्यासाठीही समोर काहीतरी असावे लागते. १९६०नंतर शिकू लागलेल्या ग्रामीण तरुणाला वर्गात, वसतिगृहात, नोकरीच्या मुलाखतीत विचारला जाणारा ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न समकालीन वास्तववादी कादंबरीने किती वेळा इतक्या थेटपणे मांडला? देशीयतेचा पुरस्कार करणाऱ्या समीक्षेने देशी वाचक प्रत्यक्षात काय वाचतो हे पाहू नये, हा तिच्यातील अंतर्विरोध आहे. वाचकाच्या अभिरुचीला दोष देणे सोपे असते. वाचकाची गरज ओळखून लेखकाने तिचे काय केले ते तपासणे अवघड, आणि समीक्षेचे काम तेच.

एकविसाव्या शतकात इंग्रजीतून आलेली पौराणिक कादंबरी या चर्चेला नवा संदर्भ देते. आय.आय.एम. कोलकात्याचे पदवीधर आणि वित्तक्षेत्रातून आलेले अमीश त्रिपाठी यांची शिवत्रयी २०१० ते २०१३ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिच्या प्रचंड खपानंतर मराठीसह अनेक भारतीय भाषांत गेली. वरवर पाहता हे जग सावंतांच्या जगापासून फार दूर आहे. गती पटकथेची, भाषा आजच्या शहराची, आणि देवाला माणूस करून मग त्याचा देव कसा झाला हे सांगण्याची रीत. पण रचनेचा सांगाडा पाहिला तर ओळखीचा निघतो. तिबेटातून आलेला परका टोळीप्रमुख, त्याचा निळा पडलेला कंठ, आणि त्या खुणेवरून लोकांनी त्याच्यात ओळखलेला तारणहार. कर्णाची कुंडले आणि हा निळा कंठ एकाच जातीच्या खुणा आहेत. परक्याचे मोठेपण येथेही त्याच्या देहावरच लिहिलेले असावे लागते. फरक असा की अमीश यांच्या मेलुहात ‘विकर्म’ ठरवलेल्यांना बाजूला टाकणारा कायदा आहे आणि नायक तो रद्द करतो. अन्याय हा कायद्याचा, आणि उपाय फर्मानाचा. सावंतांच्या कादंबरीत उपाय नाही, दुःख आहे. त्या दुःखाला मिळालेले उत्तर खोटे असले तरी दुःख खरे आहे, आणि ते सहन करणाऱ्याच्या आतून सांगितलेले आहे. मेलुहाच्या वाचकाला व्यवस्था समजते. ‘मृत्युंजय’च्या वाचकाचा गळा दाटून येतो. दोहोंतील कोणता परिणाम अधिक टिकाऊ याचे उत्तर आणखी पन्नास वर्षांनी सापडेल, पण पहिल्या पन्नास वर्षांचा पुरावा सावंतांच्या बाजूचा आहे.

पी. लाल आणि नंदिनी नोपानी यांनी १९८९ साली कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपकडून ‘मृत्युंजय’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला; हिंदी अनुवाद ओम शिवराज यांचा. लाल हे महाभारताचे इंग्रजी रूपांतरकार. व्यासांच्या कर्णात बुडालेल्या माणसाला सावंतांचा कर्णही इंग्रजीत न्यावासा वाटला, ही गोष्ट कादंबरीच्या बाजूने जमा करावी लागते. हिंदी वाचकवर्गात तिला मिळालेला प्रतिसाद हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘रश्मिरथी’ मुखोद्गत असलेल्या वाचकाने मराठीतून आलेला कर्ण कसा स्वीकारला, हे त्या भाषेतील अभ्यासकांनीच सांगावे.

मराठीत मात्र हे काम अजून आरंभीच्या टप्प्यावर आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन कुठल्याही मोठ्या संस्थेत नाही. ते तालुक्यातालुक्यांतील अनुदानित ग्रंथालयांच्या देवघेव-नोंदवह्यांत आहे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. समासात पेन्सिलने ओढलेल्या रेघा असतात, कधी शाईच्या. शिंदखेड्यासारख्या एका गावातील ‘मृत्युंजय’च्या जुन्या प्रती घेऊन त्या रेघा कोणत्या प्रसंगांखाली आहेत एवढे जरी कोणा विद्यार्थ्याने प्रबंधासाठी तपासले, तरी वर ज्याला अनुमान म्हणून मांडले आहे त्याचा बराचसा निकाल लागेल. रेघा सूर्याच्या वर्णनाखाली निघतात, की रंगभूमीवर कुळ विचारले जाते त्या पानावर, की राधेच्या एखाद्या साध्या वाक्याखाली, हे आधी पाहावे लागेल. जुन्या प्रती फाटत चालल्या आहेत आणि निर्लेखनाच्या यादीत जाण्यापूर्वी त्या हाती घेणे शक्य आहे.